सी भाषेद्वारे डिरेक्टरीतील फाईलींचा शोध : डॉस कार्यप्रणालीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या कार्यालयातील किंवा एखाद्या विभागातील जुना संगणक निर्लेखनासाठी काढला जातो, तेव्हा त्यातील माहिती नव्या संगणकावर घेण्याचे काम बहुधा संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाकडे सोपविले जाते. गुणपत्रकांच्या नोंदी, वेतनपत्रके, ग्रंथालयाची दाखलनोंद, सर्वेक्षणाचे आकडे, कधी एखाद्या सहकाऱ्याच्या प्रबंधाची प्रकरणे असे बरेच काही त्या डिस्कवर असू शकते. ते हाताने शोधणे शक्य नसल्यामुळे एखादी छोटी शोध-आज्ञावली चालविली जाते. 'अशी फाईल आढळली नाही' असे तिने सांगितले, की डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद होते आणि हार्डडिस्क भंगारात जाते. येथे 'आढळली नाही' याचा अर्थ 'अस्तित्वात नाही' असा घेतला जातो. परंतु हे दोन अर्थ एक नाहीत, आणि त्यांतील अंतर केवढे आहे हे आज्ञावलीने प्रश्न कसा विचारला यावर अवलंबून असते.

विदर्भातील महाविद्यालयांमध्ये संगणकाची पहिली भाषा म्हणून सी शिकविण्याची परंपरा जुनी आहे. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' हे पुस्तक आणि बोरलँड कंपनीचा टर्बो सी हा कंपायलर यांवर विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या घडल्या. टर्बो सी ज्या डॉस कार्यप्रणालीवर चालत असे ती व्यवहारातून गेली. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांच्या आज्ञावली थेट चालत नाहीत, म्हणून टर्बो सी वापरायचा तर डॉसबॉक्ससारख्या अनुकरण-आज्ञावलीचा आधार घ्यावा लागतो. तरीही डॉसमधील फाईलशोधाची रीत समजून घेण्याचे प्रयोजन संपलेले नाही, कारण त्या काळातील डिस्क, फ्लॉपी आणि आज्ञावली आजही कपाटांतून निघतात.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे

१) डॉसमध्ये डिरेक्टरीची रचना कशी असते व सी भाषेतून तिचा शोध कसा घेतला जातो हे स्पष्ट करणे.
२) या शोधात फाईली नकळत वगळल्या जाण्याची कारणे उदाहरणांसह मांडणे.
३) जुन्या नोंदींचे स्थलांतर करताना पाळावयाची दक्षता सुचविणे.

विवेचनासाठी एक कल्पित उदाहरण घेतले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील सोळा तालुक्यांची माहिती डीबेस या आज्ञावलीत भरलेली असून प्रत्येक तालुक्याची एक फाईल तालुक्याच्याच नावाने रोमन लिपीत साठविली आहे, असे मानू. डीबेसच्या प्रथेप्रमाणे प्रत्येक नावापुढे डीबीएफ हे विस्तारनाम आहे.

सी भाषा आणि डिरेक्टरी

सी भाषेचा जन्म १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांच्या हातून झाला. १९८९ मध्ये भाषेचे अमेरिकी प्रमाणरूप निश्चित झाले, तेव्हा फाईल उघडणे, वाचणे, लिहिणे, तिचे नाव बदलणे व ती पुसणे यांसाठीची फंक्शने त्यात समाविष्ट झाली. डिरेक्टरीतील नावे वाचण्यासाठी मात्र एकही फंक्शन त्यात नव्हते, आणि आजच्या प्रमाणातही ते नाही. याचे कारण असे, की डिरेक्टरी ही कल्पना प्रत्येक कार्यप्रणालीत वेगळ्या रीतीने साकार होते. काही प्रणालींत ती नसतेही. म्हणून हे काम कार्यप्रणालीकडे आणि तिच्या अनुषंगाने कंपायलर बनविणाऱ्याकडे सोपविले गेले. टर्बो सीमधील फाइंडफर्स्ट व फाइंडनेक्स्ट ही फंक्शने सी भाषेची नसून डॉसच्या सेवांवर चढविलेली पातळ आवरणे आहेत. सबब डॉसच्या सर्व मर्यादा त्यांत जशाच्या तशा उतरतात.

डॉसची पहिली आवृत्ती १९८१ मध्ये आली. तीत उपडिरेक्टरी ही सोयच नव्हती. मार्च १९८३ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने झाडासारखी शाखांची डिरेक्टरी-रचना आणली आणि तिच्यासोबत शोधाच्या दोन नव्या सेवा दिल्या : 'पहिली जुळणारी फाईल शोधा' आणि 'पुढची शोधा'. योगायोग असा, की यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याची स्थापनाही त्याच वर्षी १ मे रोजी झाली. अर्थात या विद्यापीठाच्या पहिल्या दोन दशकांतील संगणकीय नोंदींचा मोठा भाग डॉसच्या चौकटीत तयार झाला असणार, हे ओघानेच येते.

डिरेक्टरीची अंतर्गत रचना

डॉसमधील डिरेक्टरी म्हणजे एक साधी नोंदवही होय. प्रत्येक फाईलीसाठी तीत ३२ बाइटांची एक ओळ असते. पहिले ८ बाइट नावासाठी, पुढील ३ विस्तारनामासाठी, १ बाइट गुणधर्मांसाठी, १० राखीव, २ वेळेसाठी, २ दिनांकासाठी, २ फाईल डिस्कवर कोठे सुरू होते त्या स्थानासाठी आणि शेवटचे ४ फाईलीच्या आकारासाठी, अशी तिची विभागणी असते. नाव व विस्तारनाम यांमधला टिंब प्रत्यक्षात साठविला जात नाही. तो दाखविताना घातला जातो. नाव लहान असल्यास उरलेली जागा रिकाम्या अक्षरांनी भरली जाते.

१.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर मुख्य डिरेक्टरीसाठी १४ सेक्टर राखलेले असतात. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटांचा, म्हणजे त्यात १६ ओळी मावतात, एकूण २२४. फ्लॉपीवर जागा शिल्लक असूनही नवी फाईल घेतली जात नाही, असा अनुभव काहींना आला असेल. त्याचे कारण या २२४ ओळींमध्ये आहे.

फाईल पुसली म्हणजे तिचा मजकूर लगेच नाहीसा होत नाही. तिच्या ओळीतील पहिल्या बाइटच्या जागी २२९ हा अंक लिहिला जातो व तिने व्यापलेली जागा मोकळी समजली जाते. शोधसेवा अशी ओळ ओलांडून पुढे जाते. तेथे नवी फाईल लिहिली जाईपर्यंत जुना मजकूर शिल्लक असतो. म्हणूनच जुन्या डिस्कवर शोध घेताना तिच्यावर काहीही न लिहिणे हा पहिला नियम ठरतो. शोध-आज्ञावलीचा अहवालसुद्धा दुसऱ्या डिस्कवर लिहावा.

आठ अक्षरांची मर्यादा

यवतमाळ हे नाव रोमन लिपीत लिहिताना बरोबर आठ अक्षरे लागतात. डॉसच्या चौकटीत ते नेमके बसते, पण त्यापुढे एकाही अक्षराला जागा उरत नाही. उमरखेड, घाटंजी, महागाव, मारेगाव व राळेगाव या नावांचीही प्रचलित रोमन लेखनात हीच गत आहे. सोळापैकी चौदा तालुक्यांची नावे आठ अक्षरांत मावतात. बाभूळगाव आणि झरी-जामणी ही दोन मात्र दहा-दहा अक्षरांची असल्याने मावत नाहीत.

न मावणाऱ्या नावाबद्दल डॉस तक्रार करीत नाही. जादा अक्षरे निमूटपणे छाटून टाकते. बाभूळगावची फाईल अशा रीतीने 'बाभुळगा' एवढ्याच नावाने डिस्कवर उतरते. ही छाटणी वरवर निरुपद्रवी वाटते. परंतु एखाद्याने यवतमाळ या नावाला २००१ हे वर्ष जोडून एक फाईल तयार केली आणि पुढील वर्षी २००२ जोडून दुसरी लिहावयास घेतली, तर डॉसच्या दृष्टीने दोन्ही नावे एकच, म्हणजे नुसते 'यवतमाळ' ठरतात. सी भाषेतून फाईल 'लिहिण्यासाठी' उघडली असल्यास पहिल्या वर्षाचा मजकूर त्याच क्षणी जातो. अशी फाईल कोणत्याही शोधाने परत मिळत नाही. जुन्या नोंदींत वर्ष विस्तारनामात घातलेले किंवा गावाचे नाव तीन अक्षरांवर आणलेले दिसते, त्यामागे ही सावधगिरी असते. यामुळेच शोध घेण्यापूर्वी त्या काळी नावे ठेवण्याची कोणती पद्धत होती, हे कार्यालयातील जुन्या कर्मचाऱ्यास विचारून घेणे आज्ञावली लिहिण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

फाइंडफर्स्ट आणि फाइंडनेक्स्ट

टर्बो सीमध्ये या दोन्ही फंक्शनांसाठी 'डिर' हे शीर्षलेख जोडावे लागते. फाइंडफर्स्टला तीन गोष्टी द्याव्या लागतात : मार्गासह नावाचा नमुना, निकाल ठेवण्यासाठी एका स्ट्रक्चरचा पत्ता आणि गुणधर्मांचा अंक. फाइंडनेक्स्टला केवळ त्या स्ट्रक्चरचा पत्ता पुरतो. शोध यशस्वी झाल्यास दोन्हीकडून शून्य परत येते, अन्यथा उणे एक. मायक्रोसॉफ्टच्या सी कंपायलरमध्ये याच सेवांना वेगळी नावे असून दुसऱ्या व तिसऱ्या घटकांचा क्रम उलटा आहे. एका कंपायलरची आज्ञावली दुसऱ्यावर नेताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

निकालाच्या स्ट्रक्चरला टर्बो सीमध्ये एफएफबीएलके असे नाव आहे. त्याची लांबी ४३ बाइट असते. त्यातील १ बाइट गुणधर्मांचा, २ वेळेचे, २ दिनांकाचे, ४ आकाराचे आणि १३ नावाचे असतात. या सर्वांच्या आधी असलेले पहिले २१ बाइट मात्र 'राखीव' म्हणून सांगितले जातात, आणि विद्यार्थी ते निरुपयोगी समजतात. वस्तुतः हाच या रचनेचा गाभा होय. शोध कोणत्या नमुन्याचा चालला आहे आणि डिरेक्टरीच्या कोणत्या ओळीपर्यंत येऊन पोचला आहे, याची खूण डॉस येथे ठेवते. पुस्तक मिटताना पानात दोरा ठेवावा, तशी ही खूण असते. फाइंडनेक्स्टला वेगळा नमुना द्यावा लागत नाही तो यामुळेच.

वर्गात वारंवार आढळणारी एक चूक येथे नमूद करावीशी वाटते. विद्यार्थी प्रथम फाइंडफर्स्ट बोलावतात आणि लगेच फाइंडनेक्स्टवर आधारित आवर्तन सुरू करून त्यात नावे छापतात. यात पहिल्या शोधाने मिळालेली फाईल छापलीच जात नाही. सोळा तालुक्यांपैकी पंधरा पडद्यावर येतात. आज्ञावली अडत नाही, चुकीचा संदेश येत नाही, आणि मोजणी केली नाही तर हे ध्यानात येण्याचा मार्गही नसतो. योग्य रीत अशी : फाइंडफर्स्टचे उत्तर एका चलात घ्यावे, ते शून्य असेपर्यंत आवर्तन चालवावे, आवर्तनात प्रथम हाती असलेली फाईल हाताळावी आणि शेवटी फाइंडनेक्स्ट बोलावून तेच चल अद्ययावत करावे.

नावे वर्णानुक्रमाने मिळत नाहीत, तर डिरेक्टरीतील ओळींच्या क्रमाने मिळतात, हेही ध्यानात ठेवावे. शोध चालू असताना त्याच डिरेक्टरीत त्याच नमुन्याच्या नव्या फाईली निर्माण केल्यास त्याही पुढे सापडू लागतात आणि आवर्तन लांबतच जाते. त्यामुळे आधी सर्व नावे एका यादीत गोळा करून मगच त्यांवर क्रिया करणे श्रेयस्कर.

मार्ग लिहिताना आणखी एक सापळा असतो. सी भाषेत उलटी तिरकी रेघ हे विशेष चिन्ह आहे. 'नोंदी' नावाच्या डिरेक्टरीपूर्वी एकच तिरकी रेघ लिहिल्यास ती व तिच्यापुढील रोमन 'एन' मिळून नवी ओळ असा अर्थ होतो. 'तालुका' पूर्वी लिहिल्यास 'टी' शी मिळून टॅब होतो. डॉसला असा मार्ग सापडत नाही, आणि उत्तर येते : फाईल नाही. तिरकी रेघ दोनदा लिहिणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

गुणधर्मांचा अंक : सर्वाधिक गैरसमजाचे स्थान

फाईलीचे गुणधर्म एका बाइटच्या वेगवेगळ्या बिटांवर नोंदविलेले असतात. केवळ वाचनीय १, लपविलेली २, प्रणालीची ४, डिस्कचे नाव ८, डिरेक्टरी १६ आणि संग्रहयोग्य ३२ अशा त्यांच्या किमती आहेत. फाइंडफर्स्टला द्यावयाचा तिसरा घटक याच किमतींच्या बेरजेतून बनतो.

येथे दिलेला अंक गाळणीसारखा काम करीत नाही, तर परवान्यासारखा काम करतो. शून्य दिल्यास केवळ सामान्य फाईली मिळतात. लपविलेल्या, प्रणालीच्या आणि डिरेक्टऱ्या वगळल्या जातात. १६ दिल्यास फक्त डिरेक्टऱ्या मिळतील अशी समजूत असते. प्रत्यक्षात सामान्य फाईलींच्या जोडीला डिरेक्टऱ्याही मिळतात. १ आणि ३२ या किमतींचा शोधावर काहीच परिणाम होत नाही. ८ ही किंमत मात्र अपवाद आहे. डॉसच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती एकटी दिल्यास केवळ डिस्कचे नाव मिळते, तर दुसऱ्या आवृत्तीत सामान्य फाईलीही मिळत असत.

म्हणून मिळालेली नोंद डिरेक्टरी आहे की नाही हे परत आलेल्या गुणधर्म-बाइटवरून तपासावे लागते. ही तपासणी बरोबरीच्या चिन्हाने करू नये. लपविलेल्या डिरेक्टरीची किंमत १६ नसून १८ असते, आणि बरोबरीची कसोटी तिला नाकारते. बिटनिहाय 'आणि' ही क्रिया करून १६ चा बिट लागलेला आहे काय, एवढेच पाहावे.

जुन्या नोंदींच्या दृष्टीने लपविलेल्या फाईलींचा प्रश्न गंभीर आहे. संगणक अनेकांच्या हाताखाली असे, तेव्हा महत्त्वाची फाईल कोणी चुकून पुसू नये म्हणून ती लपवून ठेवण्याचा उपाय सहज उपलब्ध होता. ज्या फाईली जपाव्याशा वाटल्या त्याच लपविल्या गेल्या असण्याचा संभव अधिक, आणि शून्य गुणधर्माने घेतलेला शोध नेमक्या त्याच वगळतो. स्थलांतरासाठी शोध घेताना २, ४ व १६ यांची बेरीज, म्हणजे २२, द्यावी.

नमुन्यातील चिन्हे

नमुन्यात दोन चिन्हे वापरता येतात. प्रश्नचिन्ह एका अक्षराची जागा घेते, तारा उरलेल्या सर्व अक्षरांची. नाव लहान असल्यास त्यापुढील रिकाम्या जागेशीही प्रश्नचिन्ह जुळते. म्हणून चार प्रश्नचिन्हांचा नमुना दिला, तर चार अक्षरी वणी आणि आर्णी यांच्यासोबत तीन अक्षरी नेरही मिळते.

आता ज्यांच्या नावाच्या शेवटी 'गाव' आहे अशा तालुक्यांच्या फाईली हव्या आहेत, असे समजू. चार प्रश्नचिन्हे आणि त्यापुढे जी-ए-ओ-एन असा नमुना दिला, की महागाव, मारेगाव आणि राळेगाव मिळतात. बाभूळगाव मिळत नाही, कारण छाटणीत त्याच्या शेवटची दोन अक्षरे आधीच गेलेली आहेत. मग प्रश्नचिन्हांऐवजी तारा वापरून पाहावा, असे कोणासही सुचेल. परंतु डॉस ताऱ्याचा विस्तार नावाच्या शेवटापर्यंत प्रश्नचिन्हांनी करते आणि ताऱ्यानंतर लिहिलेली अक्षरे दुर्लक्षिते. परिणामी 'तारा आणि गाव' हा नमुना नुसत्या ताऱ्याएवढाच ठरतो, आणि सोळाही तालुके समोर येतात. एका प्रश्नाला अपुरे उत्तर, दुसऱ्याला अवाजवी. आणि दोन्ही वेळा डॉसने आपल्या नियमाप्रमाणे बिनचूक काम केलेले असते. यावर खात्रीचा उपाय एकच आहे : डॉसकडून 'तारा टिंब तारा' या नमुन्याने सर्व नावे घ्यावीत आणि निवड सी भाषेत स्वतः करावी.

विस्तारनामावर विसंबणेही धोक्याचे आहे. डीबेसमध्ये दीर्घ मजकुराचे रकाने डीबीएफ फाईलीत नसतात, तर त्याच नावाच्या डीबीटी फाईलीत असतात. फॉक्सप्रोमध्ये हेच काम एफपीटी फाईल करते. केवळ डीबीएफ शोधून नकलून घेतल्या, तर तक्ते येतील, पण शेरे व अभिप्राय मागे राहतील. वर्डस्टारमध्ये तर विस्तारनामाची सक्तीच नसे. एखाद्या प्रकरणाला लेखकाने काय विस्तारनाम दिले असेल, किंवा दिले असेल की नाही, हे सांगता येत नाही.

उपडिरेक्टऱ्यांतील शोध

फाइंडफर्स्ट केवळ दिलेल्या डिरेक्टरीत पाहते. तिच्या आतील डिरेक्टऱ्यांत उतरत नाही. सबंध डिस्क धुंडाळण्यासाठी पुनरावर्ती फंक्शन, म्हणजे स्वतःलाच बोलावणारे फंक्शन, लिहावे लागते. रिकर्शन शिकविताना क्रमगुणिताचे उदाहरण देण्याची प्रथा आहे. पण क्रमगुणित साध्या आवर्तनानेही काढता येते, त्यामुळे रिकर्शनची गरज विद्यार्थ्यास पटत नाही. डिरेक्टरीचे झाड हे त्याहून स्वाभाविक उदाहरण आहे. हे फंक्शन लिहिताना चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली : प्रत्येक उपडिरेक्टरीच्या आरंभी एक टिंब व दोन टिंबे अशा नावांच्या दोन नोंदी असतात. पहिली त्या डिरेक्टरीला स्वतःलाच आणि दुसरी तिच्या वरच्या डिरेक्टरीला दर्शविते. त्या वगळल्या नाहीत, तर फंक्शन जागच्या जागी फिरत राहते.

दुसरी : नमुना डीबीएफचा ठेवून त्यालाच डिरेक्टरीचा गुणधर्म जोडला, तर ज्यांचे विस्तारनाम डीबीएफ आहे अशाच डिरेक्टऱ्या मिळतील, म्हणजे बहुधा एकही नाही. आतील शाखा पाहिल्या गेल्याच नाहीत, हे मात्र कळत नाही. डिरेक्टऱ्यांचा शोध 'तारा टिंब तारा' या नमुन्याने वेगळा घ्यावा.

तिसरी : निकालाचे स्ट्रक्चर फंक्शनच्या आत स्थानिक चल म्हणून घोषित करावे. ते सार्वत्रिक ठेवल्यास आतील शोध त्याच २१ बाइटांवर आपली खूण लिहितो आणि बाहेरच्या शोधाची खूण पुसली जाते. परत आल्यावर आपण कोठे होतो हे डॉसला सांगता येत नाही, आणि उरलेल्या शाखा वगळल्या जातात. स्थानिक चल आणि सार्वत्रिक चल यांतील भेद समजावून देण्यास याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

चौथी : स्मृतीचा हिशेब ठेवावा. टर्बो सीमध्ये स्टॅकसाठी सामान्यतः ४०९६ बाइट मिळतात. प्रत्येक पातळीवर ४३ बाइटांचे स्ट्रक्चर, ८० बाइटांचा मार्ग आणि परतीचा पत्ता वगैरे धरून सुमारे १३५ बाइट खर्च होतात. चारपाच पातळ्यांच्या झाडास ते सहज पुरतात. पण एकेका अक्षराच्या डिरेक्टऱ्या एकात एक तीसपर्यंत गेल्या, तर स्टॅक अपुरा पडेल. मार्गासाठी एकच सामाईक जागा ठेवून आत जाताना तो वाढविणे व बाहेर येताना छाटणे, ही काटकसरीची रीत आहे.

दिनांक आणि वेळ

दिनांक १६ बिटांत कोंबलेला असतो : वर्षासाठी ७, महिन्यासाठी ४ व दिवसासाठी ५ बिट. वर्ष १९८० पासून मोजले जाते, म्हणून ही पद्धत २१०७ पर्यंत पुरते. १ मे २००३ हा दिनांक २३ गुणिले ५१२, अधिक ५ गुणिले ३२, अधिक १, म्हणजे ११९३७ असा साठविला जातो. वेळेसाठी तास ५, मिनिटे ६ आणि सेकंदांची निमपट ५ बिटांत ठेवली जाते. म्हणून डॉसमधील सेकंद नेहमी समसंख्येत असतात.

दुपारी ४ वाजून ३० मिनिटे २० सेकंद ही वेळ ३३७३८ होते. ती चिन्हसहित पूर्णांकात घेतल्यास सर्वांत वरचा बिट उणे चिन्ह समजला जातो, आणि तास काढण्यासाठी बिट उजवीकडे सरकविले असता १६ ऐवजी उणे १६ असे उत्तर येते. दुपारी चारपूर्वी तयार झालेल्या फाईली बरोबर आणि नंतरच्या चूक, असा विचित्र दोष यातून निर्माण होतो. उपाय म्हणून चिन्हविरहित पूर्णांक वापरावा. शिवाय हा दिनांक संगणकाच्या घड्याळावर अवलंबून असतो. ज्या संगणकात घड्याळाची बॅटरी नव्हती किंवा संपली होती, तेथे सुरू करताना दिनांक भरला नाही, तर फाईलीवर १९८० सालच पडत असे. म्हणून दिनांकावरून फाईल 'निरुपयोगी' ठरवू नये.

इतर कार्यप्रणालींशी तुलना

युनिक्समध्ये हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला गेला. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत डिरेक्टरी ही फाईलीप्रमाणेच उघडून वाचली जाई. प्रत्येक नोंद १६ बाइटांची, त्यात २ बाइट क्रमांकासाठी व १४ नावासाठी असत. नावाची मर्यादा वाढल्यावर बर्कली विद्यापीठाच्या १९८३ च्या आवृत्तीत ओपनडिर, रीडडिर व क्लोजडिर ही फंक्शने आली आणि पुढे पॉझिक्स प्रमाणात स्थिरावली. रीडडिरला नमुना द्यावाच लागत नाही. ते सर्व नावे देते आणि निवड आज्ञावलीने करावयाची असते. टिंबाने सुरू होणारी नावे लपविलेली मानणे हा तेथे केवळ संकेत आहे. कर्निघन व रिची यांच्या पुस्तकाच्या १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत, शेवटच्या प्रकरणात, डिरेक्टरी वाचण्याचे उदाहरण दिले आहे. ते विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याजोगे आहे.

१९९५ मधील विंडोजने लांब नावे आणली, पण जुन्या आज्ञावलींसाठी प्रत्येक लांब नावास एक आखूड पर्यायी नावही दिले. बाभूळगावच्या नावाची पहिली सहा अक्षरे, लाटेसारखे एक चिन्ह आणि १ हा अंक, असे ते पर्यायी नाव बनते. मूळ लांब नाव डिरेक्टरीच्या अतिरिक्त ओळींत तेरा-तेरा अक्षरांच्या तुकड्यांनी लिहिले जाते. वाचनीय, लपविलेली, प्रणालीची व डिस्कचे नाव हे चारही गुणधर्म एकदम लावल्यामुळे जुने डॉस या ओळी ओलांडून जाते. विस्तारनामासह चौदा अक्षरांच्या या एका नावाला त्यामुळे तीन ओळी लागतात. टर्बो सीची आज्ञावली अशा डिस्कवर चालविली, तर तिला आखूड नावच दिसते, आणि 'गाव' चा शोध पुन्हा तिघांवरच थांबतो. उलटपक्षी विंडोजचा स्वतःचा शोध दोन्ही नावे तपासतो. म्हणून तीन अक्षरी विस्तारनाम मागितले असता चार अक्षरी विस्तारनामाच्या फाईलीही कधीकधी मिळतात.

स्थलांतरासाठी दक्षता

वरील विवेचनाच्या आधारे पुढील क्रम सुचविता येईल.

१) जुन्या डिस्कवर काहीही लिहू नये. शक्य असल्यास तिची संपूर्ण प्रतिमा घेऊन त्या प्रतिमेवर काम करावे.
२) शोध 'तारा टिंब तारा' या नमुन्याने व २२ या गुणधर्माने सर्व उपडिरेक्टऱ्यांसह घ्यावा.
३) प्रथम निवड न करता संपूर्ण यादी करावी : मार्ग, नाव, आकार, दिनांक व गुणधर्म.
४) यादीतील फाईलींच्या आकारांची बेरीज करून डिस्कवरील व्यापलेल्या जागेशी ताडून पाहावी. जागेचे वाटप ठरावीक तुकड्यांत होत असल्याने थोडा फरक पडतोच. पण तो मोठा असल्यास काहीतरी सुटले आहे, असे समजावे.
५) जोडीच्या फाईली एकत्र नकलून घ्याव्यात.
६) ज्या विभागाची माहिती आहे त्या विभागास यादी दाखवूनच निर्लेखनाचा निर्णय घ्यावा.

फाईल मिळाली म्हणजे काम संपले असे नाही. मराठी मजकूर इस्की संकेतात आहे की एखाद्या विशिष्ट फाँटच्या संकेतात, हा त्यानंतरचा व स्वतंत्र प्रश्न आहे. तथापि जी फाईल यादीतच आली नाही, तिच्याबाबत तो प्रश्न उपस्थितही होत नाही.

निष्कर्ष

फाइंडफर्स्ट व फाइंडनेक्स्ट ही फंक्शने लहान आहेत. त्यांवरील आज्ञावली वीस-पंचवीस ओळींत लिहून होते. परंतु आठ अक्षरांची छाटणी, गुणधर्मांचा परवाना, ताऱ्यानंतरची अक्षरे दुर्लक्षिण्याचा नियम आणि उपडिरेक्टऱ्यांत न उतरणे, या चार कारणांनी तिच्या उत्तरातून फाईली निसटू शकतात, आणि निसटताना त्या कोणतीही खूण ठेवीत नाहीत. शोधाचे उत्तर विचारलेल्या प्रश्नाएवढेच खरे असते. हा धडा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यापुरता मर्यादित नाही. दप्तरखान्यात जुने कागद पाहणारा इतिहासाचा अभ्यासक आणि ग्रंथालयाची सूची चाळणारा संशोधक यांनाही तो तितकाच लागू पडतो.

सी भाषेच्या अध्यापनात हा विषय केवळ फंक्शनांची ओळख म्हणून न घेता, आपल्याच तालुक्यांच्या नावांच्या सोळा फाईली तयार करून प्रत्यक्ष करवून घ्यावा. बाभूळगाव यादीत का आले नाही, याचे उत्तर विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढले, तर डिरेक्टरीची रचना त्याला वेगळी पाठ करावी लागणार नाही. आणि पुढे एखाद्या कार्यालयात 'फाईल आढळली नाही' असे लिहून स्वाक्षरी करण्याची वेळ त्याच्यावर आली, तर तो आधी पुन्हा एकदा शोध घेईल.